दोन चाव्या एकाच दिवशी मरत नाहीत

सोमवारी सकाळी कोडुआची पिवळी गाडी ट्रॉलीवर चढून माझ्या चाव्यांच्या दुकानासमोर आली, तेव्हा आमची अख्खी गल्ली बाहेर येऊन उभी राहिली. सुआमे मॅगझिन म्हणजे कुमासी शहरातली गॅरेजांची वस्ती, इथे बंद पडलेल्या गाड्या रोजच येतात, त्याचं कुणाला काही नाही. पण दोन दारांची, जमिनीला पोट घासत पळणारी ती स्पोर्ट्स कार दिसायच्या आधी तिचा आवाज कुमासीभर ऐकू जायचा. ती अशी मुकाट्याने ट्रॉलीवर बसून आली म्हटल्यावर लोकांना गंमत वाटणारच. शेजारचा पेंटर आन्कोमा स्प्रेगन खाली ठेवून म्हणाला, "बोर्गा, ही चालवायला आणलीस की मिरवायला?"

परदेशात राबून परत आलेल्याला आम्ही बोर्गा म्हणतो. कोडुआने हॅम्बर्गमध्ये बावीस वर्षं काढली होती, आणि राग त्याच्या नाकाच्या शेंड्यावर असायचा. त्याने आन्कोमाकडे बघितलंसुद्धा नाही. त्याच्या मागे त्याचा भाचा बाफो छत्री धरून उभा होता. सख्ख्या बहिणीचा मुलगा, तिशीचा, गोडबोल्या, मामा शिंकला तरी रुमाल पुढे करणारा. आमच्यात जुन्या रीतीने मामाच्या मालमत्तेवर भाच्याचा हक्क असतो. कायदा आता वेगळं सांगतो, पण भाचे कायदा वाचत नाहीत.

तक्रार साधी होती. ही गाडी बिनचावीची, म्हणजे चावी खिशात ठेवायची आणि दाराच्या मुठीला हात लावला की दार उघडायचं. काल संध्याकाळपासून ते उघडत नव्हतं. रिमोटचं बटण दाबूनही नाही. काल कोडुआ मला हा धंदा शिकवणाऱ्या मास्टर दापांच्या बहिणीच्या मयताला आला होता. म्हणजे पुरणं शनिवारीच झालं होतं, काल रविवारी चर्चनंतरचं आभाराचं जेवण होतं. मांडवातून संध्याकाळी बाहेर पडून बघतो तर गाडी दगड झालेली.

"सेल बदललात?" मी विचारलं.

"तीन वेळा."

"कुठून घेतलात? सिग्नलवर फिरणाऱ्या पोरांकडून?"

तो खिसे चाचपायला लागला, म्हणजे तिथूनच. मी माझ्याकडचा चांगला सेल घातला. दहातल्या सात जणांचं दुखणं तिथेच बरं होतं, पण याचं झालं नाही. मग रिमोट उघडला. आत तेल. मी मान वर करून बघितलं तर कोडुआ दुसरीकडे बघायला लागला. नवी गाडी आली की लोक ती आशीर्वादाचं तेल लावायला पास्टरकडे नेतात, आणि पास्टरचा हात सैल असतो. मी गिऱ्हाइकांना सांगून थकले की बाबांनो, तेल बॉनेटला लावा, चाकांना लावा, वाटलं तर स्वतःच्या टकलाला लावा, चावीला लावू नका. कोण ऐकतं? चावी तीन दिवस वेदीवर ठेवून आला होता हा.

स्पिरिट आणि जुना टूथब्रश घेऊन मी सगळं साफ केलं. रिमोटचा दिवा लखलखीत लागला. दार मुकंच. मोबाइल लांब ठेवायला लावला, कारण फोनला चिकटून ठेवलेली चावी बहिरी होते. आन्कोमाला कंप्रेसर बंद करायला लावला. काही नाही. मग रिमोटच्या पोटात जी लोखंडी पाती असते ती ओढून काढली आणि मुठीखालच्या कुलपात फिरवली. दार उघडलं, पण गाडी बोंबलायला लागली. रिमोट सुरू करायच्या बटणाला टेकवून धरला, कारण सेल मेलेला असला तरी तिथे गाडी चावी ओळखते. हिने ओळखली नाही. समोरच्या काचेत लिहून आलं, चावी सापडली नाही.

"दुसरी चावी कुठाय?"

दुसरी घरी मोज्यांच्या खणात होती. बाफोने लगेच टॅक्सी करून आणली. तिला ना तेल लागलं होतं ना पाणी. तीही मेलेली. तिथे माझ्या मनात पहिल्यांदा पाल चुकचुकली. एक चावी मरते, कधीही मरते. पण खणात झोपलेली आणि खिशात फिरणारी, अशा दोन चाव्या एकाच दिवशी मरत नाहीत.

मी पातीने दार परत बंद केलं आणि विचार करत उभी राहिले. तेवढ्यात बाफो मामासाठी पाण्याची पिशवी घेऊन आला, गाडीच्या दाराला टेकला, आणि खट झालं. आरसे उघडले, दार उघडलं.

कोडुआ ओरडलाच. तेलच होतं म्हणाला, वाळलं वाटतं. बाफो तेवढ्यात घाम पुसत पलीकडे सावलीत गेला. कोडुआने आनंदाने रिमोट दाबला, काही नाही. मुठीला हात लावला, काही नाही.  मी वीस वेळा करून बघितलं, गाडी ढिम्म. आन्कोमा म्हणाला, गाडीत म्हातारीचं भूत बसलंय, मयताहून आलीय ना. मला मात्र राग आला. कधी चालणारी आणि कधी न चालणारी वस्तू मला सहन होत नाही. पूर्ण बिघडलेली परवडते.

शेवटी मशीन आणलं. स्टिअरिंगखाली लावलं आणि गाडीला विचारलं, बाई, तू कोणाकोणाला ओळखतेस? अशा गाडीच्या डोक्यात तिच्या चाव्यांची यादी असते. यादीत नाव नसेल तर चावी सोन्याची असली तरी ती दार उघडत नाही. यादीत एकच चावी निघाली. मी कोडुआची पहिली चावी समोर धरली. मशीन म्हणालं, ही नव्हे. दुसरी धरली. ही पण नव्हे.

मी कोडुआला खरं ते सांगितलं. कोणीतरी गाडीची जुनी यादी पुसून तिसरीच चावी चढवली होती. सगळ्या चाव्या हरवल्या तर आम्ही तसं करतो, आणि तसं केलं की जुन्या चाव्या त्या क्षणी मरतात.

"हे कुठे करून मिळतं?" त्याने विचारलं.

मी उत्तर द्यायच्या आत आन्कोमाने उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. "मॅगझिनमध्ये? असं मशीन फक्त बिरागोकडे आहे."

त्यात खोटं काही नव्हतं. तसं मशीन घेतलं म्हणून चार वर्षं मी ते ज्याला त्याला दाखवत होते. कोडुआ माझ्याकडे वळला. मग म्हणाला, "मादाम, मी तुझ्याकडे डॉक्टर म्हणून आलो. तूच विष घालणारी निघालीस का?"

मी म्हटलं, बॉस, मी केलं असतं तर तुम्हाला यादी वाचून दाखवली असती का? सेलवर खापर फोडून मोकळी झाले असते. पण रागावलेल्या माणसाला हिशोब कळत नाही. तो तडक आमच्या कारागिरांच्या असोसिएशनच्या शेडमध्ये गेला. अर्ध्या तासात निरोप आला, तीन वाजता बैठक, चेअरमन बोआडू स्वतः बसणार. ज्याने चोराला चावी करून दिली त्याचं दुकान मॅगझिनमध्ये राहत नाही. आमच्याकडे शटर ओढतात, हत्यारं रस्त्यावर ठेवतात, आणि नंतर कुमासीत कुठेही जा, तुमच्या हातात कोणी चावी देत नाही. एकोणीस वर्षं मी या धंद्यात आहे. मला दुसरं काही येत नाही.

सगळे पांगल्यावर मी शटर अर्धं ओढलं आणि मशीनची मागची कामं उघडली. केलेलं प्रत्येक काम ते तारीख-वेळेसकट लक्षात ठेवतं. सगळ्यात वर कोडुआच्या गाडीचा नंबर होता. काल, रविवार, दुपारी एक वाजून दहा मिनिटं. मी खण उघडला. शनिवारी सात कोऱ्या चाव्या होत्या, आता सहा होत्या.

दुकानाची चावी दोघांकडे आहे, माझ्याकडे आणि मास्टर दापांकडे. मशीन उघडायचा चार आकडी नंबर दोघांना ठाऊक आहे, मला आणि मास्टर दापांना. मी तरीही इतर कोणाचं नाव आठवतं का ते बघत बसले. आन्कोमा आठवला, पलीकडचा टायरवाला आठवला, दुकानात पूर्वी झाडू मारणारी बाईसुद्धा आठवली. माणूस किती नीच असतो बघा, एका निरपराध बाईवर आळ घ्यायला मी तयार होते.

मी सतरा वर्षांची असताना तीन मास्टरांनी मला हसून परत पाठवलं होतं. पोरीची नखं मोडतील, म्हणाले. मास्टर दापांनी ठेवून घेतलं. डोळे मिटायला लावून कुलपातल्या खिळ्यांचा आवाज ऐकायला शिकवलं. तीन वर्षांनी मला मोकळं केलं तेव्हा सगळ्यांसमोर डोक्यावर पांढरी पावडर ओतली, जमिनीवर दारू शिंपडली आणि शपथ घ्यायला लावली, की गिऱ्हाइकाच्या चावीची सावलीसुद्धा स्वतःजवळ ठेवणार नाही. पुढे लोखंडी चाव्यांचे दिवस गेले, त्यांचे डोळेही गेले, मोतीबिंदूने. मी त्यांना माझ्या दुकानात खुर्ची दिली. मशीन शिकवलं, पडद्यावरची अक्षरं मोठी करून दिली. त्यांना करायला काहीतरी असावं म्हणून. कुंपणच शेत खातं हे लहानपणापासून ऐकलं होतं. हे कुंपण मी माझ्या हाताने घातलं होतं.

आणि काल एक वाजून दहा मिनिटांनी मी कुठे होते? मांडवात. मास्टरांच्याच बहिणीच्या मांडवात, पांढरं-काळं कापड नेसून, त्यांच्या घरच्या पोरीसारखी पाणी वाटत होते. पाहुणे रांगेने घरच्यांशी हात मिळवायला आले आणि मास्टरांची खुर्ची रिकामी. घरच्या कर्त्या पुरुषाची खुर्ची पाहुण्यांसमोर रिकामी म्हणजे केवढी लाज. मी धावत जाऊन खुर्चीजवळ उभी राहिले, त्यांच्या वतीने सगळ्यांशी हात मिळवले, आणि जो विचारेल त्याला सांगितलं, मास्टर औषध घ्यायला गेलेत. मला ते कुठे गेलेत काहीच माहीत नव्हतं. मी त्यांची अब्रू झाकत होते, आणि ते तेव्हा मांडवामागे, कानाने कुलूप उघडून, माझं मशीन घेऊन कोडुआच्या गाडीत बसले होते. स्पीकर इतके मोठे होते की गाडी बोंबलली असली तरी कोणाला ऐकू जाणार?

मी रस्ता ओलांडून त्यांच्या घरी गेले. ते अंगणात फुफूचे गोळे रश्शात बुडवून खात होते. माझी चाहूल लागली तशी म्हणाले, ये पोरी, हात धू. मी हात धुतले नाहीत.

"मास्टर, कोडुआच्या दोन्ही चाव्या मेल्या."

त्यांचा हात वाटीत थांबला. "मेल्या? कशा मेल्या?"

तिथेच मला सगळं कळलं. त्यांना खरंच आश्चर्य वाटलं होतं. आयुष्यभर त्यांनी लोखंडाच्या चाव्या केल्या. लोखंडाची दुसरी चावी केली म्हणून पहिली मरत नाही. ही तिसरी चावी केली तरी पहिल्या दोन चालूच राहतील, कोणाला कळणारसुद्धा नाही, असं त्यांनी धरलं होतं. जुनी चावी हाताशी नसली तर यादी पुसल्याशिवाय नवी चढणारच नाही, हे मी त्यांना शिकवलं होतं. पुसली की जुन्या मरतात, हे सांगायचं राहून गेलं होतं.

मग हळूहळू ते बोलले. बाफो आला होता. मामा महिनाअखेर हॅम्बर्गला परत जातो, गाडी आवारात कुलूप लावून उभी राहते, चाव्या तिकडे घेऊन जातो. तिकडच्या बायकोच्या मुलाला देणार म्हणतो. बाफोला फक्त एक चावी हवी होती, मामा गेल्यावर वापरायला. घरातली वस्तू घरातच. "भाच्याचा हक्क तर आहेच ना," मास्टर म्हणाले.

"आणि तुम्हाला काय मिळालं?"

त्यांनी वाटी बाजूला सारली आणि सांगितलं. बाफो डोळ्यांच्या डॉक्टरकडे कामाला होता, ऑपरेशनची यादी त्याच्या हातात असायची. मास्टरांचं नाव सतरा महिने त्या यादीत खाली पडून होतं. आता ते पुढच्या आठवड्यावर आलं होतं.

"मला का नाही विचारलंत?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"हो. म्हणून तर विचारायचं होतं."

मला रडू येत होतं आणि रडायचं नव्हतं. मी त्यांना सांगितलं की तीन वाजता बैठक आहे आणि माझं दुकान जाणार आहे. तेव्हा मात्र ते उठले. माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, तू तोंड उघडू नकोस, शिष्याने मास्टरचं नाव घ्यायचं नसतं. मी केलं, मी सांगेन. म्हाताऱ्याची गोष्ट म्हाताऱ्याच्या तोंडून निघू दे. मी विश्वास ठेवला. इतकं सगळं झाल्यावरही ठेवला, आणि परत येताना मला चक्क हलकं वाटत होतं.

तीनला शेड भरली होती. पिवळी गाडी ढकलत आणून समोर उभी केली होती. मास्टर आंघोळ करून, स्वच्छ काळं कापड खांद्यावर घेऊन आले आणि त्यांच्या जागी, चेअरमनच्या उजव्या हाताला बसले. वयाने ते तिथे सगळ्यात मोठे. कोडुआने आपलं गाऱ्हाणं मांडलं. चेअरमन बोआडूंनी मला विचारलं, मशीन तुझं? मी हो म्हटलं. कालचं काम त्यात आहे? हो. कोणी केलं?

मी मास्टरांकडे बघितलं. आता बोलतील, आता बोलतील. शेडमधले सगळे माझी नजर बघून त्यांच्याकडे वळले. चेअरमननीही विचारलं, "दापा, तुमची शिष्या आहे. तुम्ही काय म्हणता?"

मास्टरांनी घसा साफ केला.

"यंत्र तिचं आहे," ते म्हणाले. "मी आंधळा म्हातारा, मला त्यातलं काय कळतं? मी तिला सगळं शिकवलं. हे नव्हतं शिकवलं."

केसाने गळा कापणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. कापताना दुखत नाही. आधी फक्त गार वाटतं. शेडमधून हळहळ ऐकू आली, आणि ती त्यांच्यासाठी होती, माझ्यासाठी नाही. बिचाऱ्या म्हाताऱ्याच्या नशिबी असली शिष्या, असं मागे कोणीतरी म्हणालंसुद्धा.

पण हात रिकामे असले की माझं डोकं चालतं. मी म्हटलं, चेअरमन, माझा निकाल नंतर लावा, आधी गाडी बरी करू. ज्याच्याकडे तिसरी चावी आहे त्यालाच ही गाडी ओळखते. तो मुठीला हात लावेल तेव्हा ती उघडेल. सकाळी एकदा उघडली होती, तेव्हा मी नीट बघितलं नव्हतं. आता बघू. कोडुआला लांब उभं केलं. आन्कोमाला हात लावायला सांगितला, काही नाही. मी लावला, काही नाही. मग मी म्हटलं, बाफो, मामासाठी एवढं कर.

बाफो जागचा हलला नाही. त्याला अजून नीट कळलं नव्हतं, पण माझ्या आवाजाने तो घाबरला होता. कोडुआनेच त्याचा दंड धरून त्याला गाडीपाशी नेलं आणि त्याचा हात मुठीवर ठेवला. खट.

खिशातून चावी निघाली. माझ्याच खणातली, माझ्या दुकानाचं लेबलसुद्धा निघालं नव्हतं. कोडुआने भाच्याला मारलं नाही. तो फक्त म्हणाला, "तुझ्या शाळेची फी मी थंडीत भांडी घासून भरली." मग तो गाडीच्या बॉनेटवर बसला आणि त्याने तोंड दुसरीकडे केलं.

चेअरमननी बाफोला विचारलं, कोणी करून दिली? बाफोने एकदा मास्टरांकडे बघितलं. मास्टर जमिनीकडे बघत होते. तेवढ्यात दोघांचं काय ते ठरलं. "मशीनवाल्या बाईने," बाफो म्हणाला.

मी मशीन चेअरमनसमोर ठेवलं. त्यांनी चष्मा लावून वेळ मोठ्याने वाचली. एक वाजून दहा. पुन्हा वाचली. मग चष्मा काढून ते सावकाश म्हणाले, "काल एकच्या सुमाराला मी मांडवात हात मिळवायच्या रांगेत होतो. या मुलीने माझा हात हातात घेतला होता."

"माझा पण," आन्कोमा म्हणाला. त्याचा आवाज पडला होता. मग मागून आणखी दोघं म्हणाले, माझा पण. अख्खं मॅगझिन त्या मांडवात होतं. गल्ली रिकामी आहे म्हणून मास्टरांनी तो दिवस निवडला होता. पण मयताच्या दिवशी आमच्याकडे कोण कुठे बसलं, कोण उठलं आणि कोणाची खुर्ची रिकामी राहिली, हे सगळ्यांना पाठ असतं. परक्याच्या मांडवात त्यांना हे सुचलं असतं. स्वतःच्या घरच्या मांडवात ते विसरले.

"बिरागो," चेअरमन म्हणाले, "तू रिकाम्या खुर्चीजवळ उभी होतीस. मी विचारलं होतं, दापा कुठे आहे. तू म्हणालीस, औषध घ्यायला गेलेत."

 माझ्या समोर दोन वाटा होत्या आणि दोन्ही मला दिसत होत्या. माझ्यावरचा आळ तर गेलाच होता. परत औषधच म्हटलं असतं तर चावी कोणी केली ते कधीच सिद्ध झालं नसतं, मशीनवर संशय राहिला असता आणि दोन-चार वर्षांत लोक विसरले असते. मास्टरांनी मान वर केली. त्यांना माझा चेहरा दिसत नव्हता, पण ते माझ्याकडेच बघत होते.

"मी खोटं बोलले होते, नाना," मी चेअरमनना म्हटलं. "ते कुठे होते मला माहीत नव्हतं. त्यांची लाज जाऊ नये म्हणून बोलले. आता माहीत आहे."

पुढचं फार काही सांगण्यासारखं नाही. चेअरमननी मास्टरांना काही विचारलंच नाही. नुसती आपली खुर्ची थोडी बाजूला सरकवली, त्यांच्यापासून लांब. म्हाताऱ्या माणसाला यापेक्षा मोठी शिक्षा मॅगझिनमध्ये नाही. बाफो कधी निघून गेला ते कोणी बघितलं नाही. मी कोडुआच्या गाडीची यादी पुसली, त्याच्या दोन्ही चाव्या परत चढवल्या, तिसरी हातोडीने फोडली. गाडी गुरगुरली. कोडुआने माझी माफी मागितली, ती मी घेतली, पण त्याला चहाला बस म्हटलं नाही.

संध्याकाळ झाली तरी मास्टर शेडमध्येच बसून होते. उजेड गेला की त्यांना रस्ता दिसत नाही, रोज मीच पलीकडे सोडते. आज कोणी पुढे होईना. शेवटी मी गेले आणि हात पुढे केला. त्यांनी तो नेहमीसारखा घट्ट धरला. प्रवासी भरलेल्या ट्रोट्रो व्हॅन हॉर्न मारत जात होत्या, मोटरसायकली अंगावर येत होत्या, आणि माझ्या मनात काय काय आलं ते मी इथे लिहिणार नाही.

रस्त्याच्या मध्यावर ते म्हणाले, "औषधाचं तू आधीच सांगितलं होतंस. तेच परत सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं? मी तुला पोरगी मानलं होतं. तूच मला सगळ्यांसमोर उघडं केलंस."

त्यांच्या आवाजात खोट नव्हती. त्यांना खरंच तसं वाटत होतं, की दगा मी दिला. मला वाटलं होतं मला सगळं कळून चुकलंय, पण हे बाकी होतं.

"पोरगी होते म्हणून काल खोटं बोलले, मास्टर," मी म्हटलं. "आज तुम्ही मला चोर म्हणालात."

 मी त्यांना घरापर्यंत आणलं, त्यांचा हात माझ्या हातातून सोडवून फाटकाच्या कडीवर ठेवला. त्यांनी कडी चाचपली, फाटक उघडलं आणि आत पाऊल टाकून थांबले.

"उद्या किती वाजता उघडतेस?" त्यांनी विचारलं, रोज विचारतात तसं.

"तुम्ही येऊ नका, मास्टर," मी म्हटलं. त्यांना दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारायची ते मला येत नव्हतं.